जर्मनीत सुखाने राहायला पगार किती हवा?

चाकण-हिंजवडीच्या पट्ट्यात जर्मनीहून नोकरीची ऑफर येणे आता नवलाचे राहिलेले नाही. फोक्सवागेन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने चाकणलाच आहेत. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरे. स्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यामुळे घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : “वर्षाला साठ हजार युरो म्हणजे आपले किती?” कोणीतरी शंभराने गुणतो, साठ लाख म्हणतो, आणि निर्णय तिथेच होऊन जातो.

या गुणाकाराने माणसे फसतात. ऑफर वाईट असते म्हणून नव्हे, हिशेब चुकीच्या टोकाने सुरू होतो म्हणून. पगारापासून खाली येण्यापेक्षा महिन्याच्या खर्चापासून वर चढले पाहिजे : आधी खर्च, मग हातात यायला हवी ती रक्कम, आणि सगळ्यात शेवटी करारावरचा पगार. इथे तो हिशेब एका ठरावीक कुटुंबासाठी मांडला आहे. नवरा-बायको, पाच वर्षांचे मूल, सुरुवातीला एकाचीच कमाई, आणि गाव स्टुटगार्ट. कर आणि विम्याचे आकडे २०२५ सालचे आहेत.

शंभराने का गुणू नये

बाजारातला विनिमय दर फक्त एका गोष्टीसाठी खरा असतो : जे पैसे तुम्ही खरोखर भारतात पाठवणार आहात त्यांच्यासाठी. उरलेले युरो युरोतच खर्च होणार असतात. दोन देशांतली महागाई लक्षात घेऊन काढलेला क्रयशक्तीचा दर पाहिला, तर एका युरोमागे साधारण २८ ते ३० रुपये एवढाच पडतो. त्या मापाने साठ हजार युरो म्हणजे सतरा-अठरा लाख रुपये. एकाच पगाराची साठ लाख आणि सतरा लाख अशी दोन उत्तरे आली, की भले भले गोंधळतात.

दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. क्रयशक्तीचा दर सगळ्या देशाच्या सरासरी बाजारावर बेतलेला असतो, आणि तुमचे घर काही सरासरी नसते. पुण्यातल्या मध्यमवर्गीय नोकरदाराच्या खर्चातले मोठे आकडे बघा. मुलाच्या शाळेची फी, गाडीचा हप्ता आणि पेट्रोल, कुटुंबाचा मेडिक्लेम, सोसायटीचा मेंटेनन्स, पोळ्यावाल्या मावशी, भांडी-फरशीच्या मावशी. जर्मनीत सरकारी शाळेला फी नाही. मेडिक्लेमची जागा पगारातून कापला जाणारा विमा घेतो. स्टुटगार्टसारख्या शहरात गाडीवाचून सहज निभते. मावशींचा खर्च मात्र तुमच्या आवाक्यातला राहत नाही, कारण तिथे घरकामाचा तासही किमान वेतनाच्या दरानेच मोजावा लागतो, आणि ते वेतन २०२५ मध्ये ताशी १२.८२ युरो होते. म्हणजे एक खर्च पूर्ण नाहीसा होतो, तर दुसरा तुमच्या स्वतःच्या संध्याकाळींतून वसूल होतो. कुठल्याही एका दराने गुणून हे चित्र हाती येत नाही.

म्हणून पगाराचे मनात दोन भाग करावेत. तिकडे खर्च होणारा भाग युरोतच मोजावा, त्याला रुपयांत आणूच नये. इकडे येणारा भाग तेवढा बँकेच्या दराने मोजावा. पहिल्या भागावरून तुम्ही कसे राहाल ते कळते, दुसऱ्यावरून जाण्याने काय साधेल ते.

सीटीसी आणि ब्रुटो

आपल्याकडे ऑफरचा आकडा सीटीसीचा असतो. त्यात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि कधीकधी विम्याचा हप्ताही धरलेला असतो. जर्मन करारावर लिहिलेला आकडा ‘ब्रुटो’चा, म्हणजे कपातीपूर्वीचा पगार. मालक त्याच्या वाट्याची सामाजिक विम्याची वर्गणी या आकड्याच्या वर भरतो, आणि ती पगाराच्या साधारण वीस-एकवीस टक्के असते. ती तुमच्या साठ हजारांत धरलेली नसते. तेव्हा इथली सीटीसी आणि तिथला ब्रुटो शेजारी शेजारी ठेवून तुलना करणे बरोबर नाही. तुलना करायची तर ‘नेटो’शी, म्हणजे हातात पडणाऱ्या रकमेशी करावी.

काही कंपन्या वर्षाचा पगार बाराऐवजी तेरा हप्त्यांत देतात, तर काही सुट्टीच्या आणि नाताळच्या वेळी वेगळी रक्कम देतात. वर्षाचा आकडा तोच असला, तरी अशा ठिकाणी दरमहा हातात येणारे पैसे कमी असतात. घरभाडे तर दर महिन्याला द्यायचे असते. म्हणून वार्षिक आकडा किती महिन्यांत विभागला आहे, हे विचारूनच घ्यावे.

पगारपत्रकाच्या ओळी

वर्षाला साठ हजार, म्हणजे महिन्याला पाच हजार युरो धरू. कमावणारा एकटा, कुटुंब सोबत राहणारे, एक मूल. त्याचे पगारपत्रक वरून खाली वाचत गेले तर काय दिसते?

निवृत्तिवेतन विम्याला ९.३ टक्के, म्हणजे ४६५ युरो. बेरोजगारी विम्याला १.३ टक्के, म्हणजे ६५. आरोग्य विम्याला मूळ ७.३ टक्के आणि त्यावर विमा संस्थेची जादा वर्गणी. २०२५ साठी सरकारने जाहीर केलेली सरासरी जादा वर्गणी २.५ टक्के होती. तिचा अर्धा भाग तुमचा, त्यामुळे एकूण ४२७ युरो ५० सेंट. दीर्घकालीन शुश्रूषा विम्याला १.८ टक्के, म्हणजे ९०. मूल नसते तर इथेच ०.६ टक्के आणखी गेले असते. एवढ्या चार ओळींत १,०४७ युरो गेले. त्याखाली आयकर, सुमारे ४२५ युरो. हातात येतात साधारण ३,५२५. शिवाय मुलासाठी सरकारकडून किंडरगेल्ड, म्हणजे बालभत्ता. तो २०२५ मध्ये मुलामागे २५५ युरो होता. सगळे धरून ३,७८०.

हाच पाच हजारांचा पगार एकट्या, अविवाहित माणसाला मिळाला, तर आयकर जवळपास ८०० युरो होतो आणि हातात ३,१२५ च्या आसपास येतात. हा फरक करवर्गाचा आहे. विवाहित जोडप्यातला एकच कमावत असेल, तर त्याला तिसरा करवर्ग मिळू शकतो. पण तो आपोआप मिळत नाही. लग्नाची नोंद झाली की दोघांनाही चौथा वर्ग लागतो, आणि तिसरा-पाचवा अशी जोडी हवी असेल तर कर कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना तिथे पोचल्यावरच कळते. बायको-मूल पुण्यातच असेपर्यंत जर्मन कर कार्यालयाच्या लेखी तुम्ही पहिल्या वर्गातले, म्हणजे एकट्या माणसासारखेच. बालभत्ताही नाही. “आधी मी जातो, सहा-आठ महिन्यांनी तुम्ही या” असे ठरवणाऱ्यांचे कराचेच महिन्याला जवळपास चारशे युरो जातात, आणि वर दोन घरे चालवावी लागतात. कुटुंब त्याच वर्षात येऊन पोचले, तर वर्षाचे विवरणपत्र एकत्र भरून कराचा बराच भाग परत मिळवता येतो. पण तो पुढच्या वर्षी. मधले महिने त्या कमी पगारातच काढायचे असतात.

वसईच्या आणि गोव्याच्या वाचकांसाठी एक सूचना. जर्मनीत पोचल्यावर महापालिकेत नाव नोंदवताना धर्म विचारतात. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट अशी नोंद झाली, की आयकरावर चर्चचा कर लागतो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बायर्न या दोन राज्यांत तो आयकराच्या ८ टक्के आहे, इतरत्र ९ टक्के. तो देणे-न देणे हा श्रद्धेचा प्रश्न आहे, पण हिशेबात मात्र धरायला हवा.

सगळे गणित भाड्यावर

जर्मनीतल्या सुखवस्तूपणाचा निम्मा निकाल घरभाडे लावते. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा ‘काल्टमीटे’चा, म्हणजे नुसत्या जागेचा असतो. त्यात पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुधा हीटिंग मिळवले की ‘वार्ममीटे’ होते. तुम्हाला लागणारा आकडा हा दुसरा. त्यातही घरातली वीज आणि इंटरनेट धरलेले नसते. हीटिंगचा आकडा अंदाजाने लावलेला असतो आणि वर्षाअखेरी हिशेब होऊन उरलेली थकबाकी मागतात. पहिला हिवाळा भरपूर हीटिंग लावून काढलेल्या कुटुंबाला पुढच्या वर्षी काहीशे युरोंचे पत्र येणे अगदी नेहमीचे आहे.

तिघांना तीन खोल्यांचे, पंचाहत्तर चौरस मीटरचे घर पुरते. तीन खोल्या म्हणजे दोन बेडरूम आणि हॉल. स्वयंपाकघर खोल्यांत मोजत नाहीत. स्टुटगार्टात नव्या करारासाठी चौरस मीटरला १६ युरो धरले, तर जागेचे १,२०० होतात. वरच्या खर्चाचे २५० मिळवून १,४५०. एसलिंगेन, लुडविग्सबुर्ग किंवा ब्योब्लिंगेनला एस-बान लोकल जाते आणि तिथे थोडे स्वस्त मिळू शकते. पण कंपनी झिंडेलफिंगेनला आणि घर शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर वाचलेले पैसे रोजच्या प्रवासाच्या वेळेत जातात. घर बघण्याआधी कंपनीचा पत्ता नकाशावर बघावा.

घरमालक साधारणपणे हातात येणारा पगार भाड्याच्या तिप्पट आहे का ते पाहतात. कायद्यात हे कुठे लिहिलेले नाही, पण पन्नास अर्जांतून एक निवडायचा असला की ते हेच करतात. ३,५२५ च्या पगाराला १,४५० चे भाडे हे या मापात बसत नाही. म्हणजे साठ हजारांच्या पगारावर स्टुटगार्टात तिघांसाठी घर मिळवताना दमछाक होणार, हे इथेच दिसते.

तेच घर म्युनिकमध्ये असते तर? तिथे चौरस मीटरला वीस युरोंच्या वरच विचार करावा लागतो, आणि एकूण भाडे साडेअठराशेच्या घरात जाते. लाइपझिगमध्ये हेच घर नऊशेच्या आसपास मिळेल. एकाच देशात, एकाच कुटुंबाला भाड्यात महिन्याला साडेनऊशे युरोंचा फरक. ‘जर्मनीत किती पगार हवा’ या प्रश्नाला एका आकड्याचे उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, तो याच कारणाने.

बाकीचा महिना

भाडे सोडले, तर उरलेला महिना फारसा घाबरवणारा नाही. वीज, इंटरनेट, दोन मोबाइल आणि घरटी १८.३६ युरोंची सार्वजनिक नभोवाणी-दूरचित्रवाणीची वर्गणी मिळून १७० युरो. ही वर्गणी घरात टीव्ही नसला तरी द्यावीच लागते. किराणा, भाजी, दूध आणि साबण-पावडर सहाशेत बसते. त्यात भारतीय दुकानातली तूरडाळ, कणीक, पोहे, शेंगदाणे आलेच. बाहेर जेवणे मात्र महाग. तिघे साध्या हॉटेलात बसले, तर पन्नास-साठ युरो सहज होतात, म्हणून आठवड्यातून दोनदा बाहेर खायची सवय तिथे मोडते.

प्रवासाला डॉइचलँडटिकीट घ्यावे. एकाच तिकिटावर देशभरातल्या लोकल, बस, ट्राम आणि प्रादेशिक रेल्वे. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झाले, जानेवारी २०२५ पासून ५८ झाले आणि जानेवारी २०२६ पासून ६३. २०२५ च्या दराने दोघांचे १२० धरू. बालवाडीची फी प्रत्येक गावात वेगळी असते. बर्लिनमध्ये ती घेत नाहीत, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये घेतात. जेवण धरून २०० ठेवू. मूल तीन वर्षांखालचे असेल, तर याहून बरेच जास्त ठेवावेत. आणि जागा मिळायला वाट पाहावी लागेल हेही धरावे. वयाच्या पहिल्या वर्षापासून जागा मिळण्याचा हक्क ऑगस्ट २०१३ पासून कायद्याने दिला आहे, पण शिक्षकच पुरेसे नसल्याने तो हातात पडायला महिने लागतात.

आपल्याकडून दुसऱ्याचे नुकसान झाले तर ते भरून देणारा विमा तिथे जवळजवळ प्रत्येक घरात असतो. तो आणि घरसामानाचा विमा मिळून तीसेक युरो. कपडे आणि बूट १२०, कारण मूल वाढते आणि दर हिवाळ्याला नवे जाड जाकीट लागते. चष्मा आणि दातांचे काही उपचार विम्यात पूर्ण बसत नाहीत, त्याचे ४०. फिरणे, बाहेरचे खाणे, मुलाचे पोहणे किंवा फुटबॉल २५०. आणि कशातच न बसणारे १००.

बेरीज ३,०८० युरो. एवढ्यात कुटुंब नीटनेटके राहते. त्यात चैन नाही, आणि अजून शिल्लकही पडलेली नाही.

इकडचे खर्च

पाश्चात्त्य माणसासाठी केलेले हिशेब याच जागी आपल्याला अपुरे पडतात. आपले घर एका देशात मावत नाही. आई-वडील पुण्यात किंवा साताऱ्यात असतात, त्यांच्या विम्याचा हप्ता असतो, कोणाच्या फ्लॅटचे कर्ज चालू असते, लग्नकार्य असते. हा खर्च ‘उरले तर’ या सदरात टाकला, की दर महिन्याला ओढाताण होते आणि नवरा-बायकोत त्यावरून कुरबुरी होतात. तो भाड्याइतकाच पक्का धरावा.

वर्षातून एक भारतवारी. शाळेच्या सुट्टीतली तीन तिकिटे माणशी ८०० युरोंनी २,४०० आणि भेटवस्तू, इथला प्रवास वगैरे ६०० मिळून ३,०००, म्हणजे महिन्याला २५० बाजूला. आई-वडिलांसाठी आणि इतर जबाबदाऱ्यांसाठी ३००. पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता चालू असेल, तर तो वेगळा. त्याची रक्कम ज्याची त्यालाच माहीत. फ्लॅट भाड्याने दिला आहे म्हणून हप्ता आपोआप निघतो असे कोणी समजू नये. पुण्या-मुंबईत भाडे हप्त्याच्या निम्म्यालाही पुरत नाही, हे आपण सगळे जाणतोच.

आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील, तर त्यांना पाठवलेल्या पैशांतला काही भाग ठरावीक मर्यादेत जर्मन करातून वजा करता येतो. २०२५ पासून त्यासाठी पैसे बँकेतूनच गेलेले असावे लागतात. सुट्टीत आलो तेव्हा हातात रोख दिले, हे आता धरत नाहीत.

आणि बचत. माझ्या मते हातात येणाऱ्या पैशांतले किमान बारा-पंधरा टक्के शिल्लक पडत नसतील, तर त्याला सुखाने राहणे म्हणू नये. नोकरी गेली, तर परक्या देशात मामा-काकांच्या घरी महिनाभर राहता येत नाही, आणि व्हिसाही नोकरीशीच बांधलेला असतो. ५७० धरू.

मग आकडा किती?

३,०८० मध्ये भारतवारीचे २५०, घरच्यांचे ३०० आणि बचतीचे ५७० मिळवले, की ४,२०० युरो होतात. त्यातून बालभत्त्याचे २५५ वजा केले. पगारातून ३,९४५ हातात यायला हवेत. तिसऱ्या करवर्गात ६८,००० च्या पगारावर सुमारे ३,९२० मिळतात, ७०,००० वर सुमारे ४,०३०. म्हणजे स्टुटगार्टात एका पगारावर तिघांनी सुखाने राहायचे, तर वर्षाला ६८ ते ७० हजार युरो हवेत.

याच घराला, याच सवयींना लाइपझिगमध्ये ५७-५८ हजार पुरतील. म्युनिकमध्ये ७६ हजारांच्या आसपास लागतील. साठ हजारांची ऑफर लाइपझिगमध्ये चांगली, स्टुटगार्टात ओढाताणीची, आणि म्युनिकमध्ये एका कमाईवर कुटुंब नेण्याजोगी नाही.

एकट्याचे गणित सोपे आहे. छोट्या घराचे ८५०, जेवणखाण ३००, वीज-फोन, प्रवास, विमा, कपडे, फिरणे मिळून साडेचारशे-पाचशे, घरी २००, भारतवारीचे १०० आणि बचतीचे ४००. सगळे मिळून साडेतेवीसशे. ४४ हजारांच्या पगारावर पहिल्या करवर्गात साधारण तेवढे हातात येतात. पंचविशीतल्या मुलामुलींनी ४५ हजारांच्या ऑफरला नाक मुरडू नये.

व्हिसाची मर्यादा म्हणजे सुखाची मर्यादा नव्हे

युरोपियन ब्लू कार्डसाठी २०२५ मध्ये किमान वार्षिक पगार ४८,३०० युरो ठरला होता. माहिती तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यक अशा मनुष्यबळाची टंचाई असलेल्या क्षेत्रांत आणि नुकतेच पदवी घेतलेल्यांसाठी ४३,७५९ युरो ८० सेंट. ही मर्यादा निवृत्तिवेतन विम्याच्या वर्गणीच्या कमाल मर्यादेशी जोडलेली आहे आणि दर जानेवारीला बदलते. तिचा घरभाड्याशी काहीही संबंध नाही.

तरी बरेच जण “ब्लू कार्ड मिळाले, म्हणजे पगार चांगलाच असणार” असे धरून चालतात. ४८,३०० वर तिसऱ्या वर्गात हातात सुमारे २,९५५ येतात, बालभत्त्यासह ३,२१०. आपल्या कुटुंबाचा स्टुटगार्टातला निव्वळ राहण्याचा खर्च ३,०८० आहे. उरले १३०. त्यात वर्षाची तीन तिकिटेसुद्धा बसत नाहीत. तुमच्या शिक्षणाच्या माणसाला याहून कमी पगारात आणू नये एवढेच त्या मर्यादेतून सरकार मालकाला सांगते. तुमचे घर चालेल याची हमी त्यात नाही.

ब्लू कार्डाचे खरे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. जोडीदाराला जर्मन भाषेची अट न घालता येता येते आणि लगेच काम करता येते. बी-१ पातळीचे जर्मन असेल तर २१ महिन्यांत, नुसते ए-१ असेल तर २७ महिन्यांत कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. त्यानंतर व्हिसा एका मालकाशी बांधलेला राहत नाही.

विमा निवडताना

२०२५ मध्ये ज्यांचा वार्षिक पगार ७३,८०० युरोंच्या वर होता, त्यांना सरकारी योजना सोडून खासगी आरोग्य विमा घेता येत होता. एजंट नव्याने आलेल्यांना गाठून स्वस्त हप्ता दाखवतात. तिशीतल्या एकट्या माणसाला तो खरोखरच स्वस्त पडतो. पण सरकारी योजनेत न कमावणारी बायको आणि मुले जादा पैसे न देता विम्यात येतात. खासगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा, आणि वय वाढेल तसा हप्ता चढत जातो. परत सरकारीत येणे अवघड. कुटुंब असणाऱ्यांनी सरकारी योजनेतच राहावे, असे मी स्पष्टपणे सांगेन. रुग्णालयात दाखल झाले तर तिथे प्रौढांना दिवसाला १० युरो द्यावे लागतात, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस. मेडिक्लेमच्या कॅशलेस मंजुरीसाठी रात्री रिसेप्शनवर ताटकळलेल्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

निवृत्तिवेतनासाठी कापलेले ४६५ युरोही वाया जात नाहीत. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार मे २०१७ पासून लागू आहे. दोन्हीकडची नोकरीची वर्षे निवृत्तिवेतनाच्या पात्रतेसाठी एकत्र धरली जातात. सगळी कागदपत्रे मात्र जपून ठेवावी लागतात.

पहिल्या तीन महिन्यांचे पैसे

दरमहाचा पगार पुरेसा असूनही पहिल्या तिमाहीत लोक अडकतात. अनामत तीन महिन्यांच्या काल्टमीटेपर्यंत घेता येते. आपल्या घराला ३,६०० युरो. कायद्याने ती तीन हप्त्यांत देता येते, पण घर मिळवायच्या घाईत बहुतेक जण एकदम देतात. त्यात पुष्कळ घरे रिकामी मिळतात, आणि रिकामी म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा, सिंक आणि शेगडीसुद्धा नाही. आधीचा भाडेकरू आपले स्वयंपाकघर विकत देऊ करतो, किंवा नवे बसवून घ्यावे लागते. जाहिरातीत ‘आइनबाउक्युखे’ हा शब्द असेल, तर ते घरातच आहे असे समजावे. त्यासाठी महिन्याला पन्नास युरो जास्त द्यावे लागले तरी पहिल्या घरासाठी ते परवडते.

दिवे, पडदे, पलंग, कपाट, हिवाळ्याचे कपडे, कायमचे घर मिळेपर्यंत सामानासह मिळणाऱ्या तात्पुरत्या घराचे चढे भाडे. हे सगळे बघता तिघांच्या कुटुंबाने हाताशी दहा हजार युरो ठेवून निघावे. कंपनी स्थलांतराचा खर्च देते का, आणि बिले दाखवून देते की ठोक रक्कम देते, ही चौकशी याचसाठी करायची.

दुसरा पगार

बायकोनेही नोकरी धरली की चित्र पालटते. अर्धवेळ नोकरीचे हजार-बाराशे जरी हातात आले, तरी स्टुटगार्टातली ओढाताण संपते. पण अनेक शिकलेल्या मराठी मुली तिथे दोन-दोन वर्षे घरात अडकून पडतात. कारण जवळजवळ नेहमी एकच, भाषा. कंपनीत इंग्रजीवर चालते ते एका विशिष्ट पदावर आलेल्याचे. शाळा, दवाखाना, हिशेबाचे काम, दुकान, या सगळीकडे जर्मन लागते. व्हिसाला भाषेची अट नाही म्हणून जोडीदाराने ती शिकायचीच नाही, हा निर्णय सगळ्यात महाग पडतो. पुण्यात आणि मुंबईत मॅक्सम्युलर भवनाचे वर्ग आहेत. ऑफर येण्याआधी, दोघांनीही बी-१ पर्यंत जावे. घराच्या उत्पन्नात याएवढी भर घालणारा दुसरा उपाय मला दिसत नाही.

ऑफरवर सही करण्यापूर्वी

जर्मनीत पगाराची बोलणी करणे उद्धटपणाचे मानत नाहीत, फक्त ती आकड्यांनिशी करावी लागते. “मला आणखी द्या” म्हणण्यापेक्षा “माझे कुटुंब सोबत येणार आहे, या शहरातले भाडे इतके आहे, म्हणून माझी अपेक्षा ६८ हजारांची आहे” असे म्हटलेले ऐकून घेतले जाते. कंपनी आयजी मेटाल या कामगार संघटनेच्या वेतनकराराला बांधलेली आहे का तेही विचारा. त्या करारात आठवड्याचे ३५ तास ठरलेले असतात आणि पगार श्रेणीप्रमाणे मिळतो. मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीमार्फत त्याच कारखान्यात जाणाऱ्याला हे सगळे मिळेलच असे नाही. जर्मनीत पूर्ण वेळ काम करणाऱ्यांचा मध्यम पगार २०२४ मध्ये वर्षाला सुमारे ५२ हजार युरो होता. आपली ऑफर त्याच्या कोणत्या बाजूला आहे, ते बघून बोलावे.

आणि वरचे माझे आकडे तसेच्या तसे घेऊ नका. जर्मन अर्थ मंत्रालयाचा करगणक इंटरनेटवर मोफत आहे. त्यात तुमचा करवर्ग, तुमची मुले आणि तुमच्या विमा संस्थेची जादा वर्गणी घाला. ज्या गावाला जायचे आहे तिथल्या दहा घरांच्या जाहिराती उघडून वार्ममीटे लिहून काढा. इकडचे हप्ते आणि आई-वडिलांचा खर्च त्यात मिळवा. मग दोघांनी एकत्र बसून तो कागद वाचा, आणि त्यानंतरच होकार कळवा.